४६ नंबरची दाढ

गेल्या संक्रांतीला तिळगुळाने माझा घात केला.

शेजारच्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. त्यांच्या वड्यांचा पाक दरवर्षी हमखास पुढे जातो आणि वड्या दगड होतात. हे मला दरवर्षी ठाऊक असतं, आणि तरीही भिडेखातर मी दरवर्षी एक तोंडात टाकते. या वेळी कट्‌ असा आवाज आला. वाटलं, गुळात खडा असेल. हातात घेऊन बघितलं, तर खडा नव्हता, माझ्याच दाढेचा तुकडा होता. खालची, उजवीकडची. पाच वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनाल झालं होतं. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "वर कॅप बसवून घ्या, नाहीतर तडकेल." पण दाढ दुखायची थांबली आणि कॅप राहून गेली. दुखणं थांबलं की आपल्या लेखी आजार बरा झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे बघून ते म्हणाले, "४६ नंबर गेली. तडा हिरडीच्या खालपर्यंत गेलाय, काढावीच लागेल." दुखत असतानाही मला प्रश्न पडला, माणसाला दात बत्तीस, मग ही ४६ नंबरची कुठून आली? त्यांनी समजावलं. तोंडाचे चार भाग करतात. उजवीकडचा खालचा भाग चौथा, आणि मधल्या दातापासून मोजत मागे गेलं की ही सहावी. म्हणून चार-सहा. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते म्हणे. म्हणजे बावन्न वर्षं जिच्यावर चावत आले, तिचा नंबर मला तिच्या निरोपाच्या दिवशी कळला!

तिच्या मागची ४७ नंबर बारा वर्षांपूर्वीच गेली होती. ती जागा मी रिकामीच ठेवली होती. इतक्या मागचं कुणाला दिसतंय? पण आता दोन दाढा गेल्यावर उजव्या बाजूने खाणं संपलंच. जखम भरल्यावर डॉक्टर म्हणाले, "इम्प्लांटचा विचार करा. मी करत नाही, पण कुठेतरी दाखवून घ्या."

मग मी एका चकचकीत दवाखान्यात गेले. नाव राहू दे. तिथे गार हवा होती, कॉफी होती, भिंतीवर शुभ्र दात दाखवत हसणारी माणसं होती. दहा मिनिटं तोंडात डोकावून त्यांनी सांगितलं, दोन दाढांच्या जागी दोन इम्प्लांट, कॅपसकट ९० हजार. आज आगाऊ रक्कम भरली तर १० टक्के सूट. बाहेरच्या मुलीने विचारलं, "मॅम, ईएमआय करून देऊ का?" पण मला डायबिटीस आहे का, हे कुणीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर, मीही सांगितलं नाही.

घरी आले. आमचे 'अहो' पेपर वाचत होते. आकडा ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला, पण म्हणाले मात्र, "गरज असेल तर करून टाक. पैशाचं बघू." आणि मी पटकन बोलून गेले, "छे हो, या वयात कशाला? माझं काय आता, डाव्या बाजूने चाललंय की. असे किती दिवस राहिलेत?"

बोलले आणि गप्पच झाले. कारण ते वाक्य माझं नव्हतं, आईचं होतं. शब्दन्‌शब्द.

*

आईचे दात १९९४ साली काढले. सगळे. तेव्हा ती ५८ वर्षांची होती, म्हणजे आज मी आहे तेवढीच. सातारकडच्या बायका लावायच्या तशी तीही लहानपणापासून मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास आमच्या सकाळींना होता. हिरड्या खाली सरकल्या, दात हलायला लागले, पायरिया झाला. दोन-तीन खेपांत डॉक्टरांनी सगळे दात काढले आणि काही महिन्यांनी कवळी आली.

वरची कवळी बरी बसली. खालची कधीच बसली नाही. त्याचं कारण मला आता कळलंय. वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो, ती टाळूला चिकटून राहते. खालची म्हणजे नुसता घोड्याचा नाल, आणि त्यात मधे वळवळणारी जीभ. शिवाय दात गेले की ज्या हाडात ते रोवलेले होते त्या हाडाला काम उरत नाही आणि ते वर्षागणिक झिजत जातं. कवळी आहे तेवढीच राहते, खालची जमीन खचत जाते.

आई भाकरी सुरेख थापायची. टम्म फुगायची. आम्हा सगळ्यांना गरम गरम वाढायची आणि स्वतःची भाकरी आमटीत कुस्करून ठेवायची, मऊ पडेपर्यंत. परसात पेरूचं झाड होतं. ती पेरूचा गर चमच्याने खरवडून खायची. हसताना पदर तोंडाशी न्यायची, कारण खालची कवळी हसताना उचलली जायची. पाहुणे गेले की पहिलं काम म्हणजे कवळी काढून स्टीलच्या पेल्यात ठेवणं. आम्हाला या सगळ्याची इतकी सवय झाली होती, की तो आम्हाला तिचा स्वभावच वाटायचा. आईला मऊच आवडतं. आई पदर लावूनच हसते.

२००८ साली कवळी नीट करून घ्यायला मी तिला एका तरुण डॉक्टरांकडे नेलं. थोरला दादा आणि धाकटा भाऊही बरोबर होते. त्या डॉक्टरांनी एक गोष्ट सुचवली. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांवर टिचबटणासारखी दाबून बसवायची. काढता येईल, धुता येईल, पण खाताना हलणार नाही. खर्च बराच होता. आम्ही तिघं भावंडं एकमेकांकडे बघत होतो, तेवढ्यात आईच म्हणाली, "माझं काय आता, किती दिवस राहिलेत?"

आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास मला आज ऐकू येतो. आई नको म्हणाली, विषय संपला. तिला खरंच नको आहे का, हे एकानेही पुन्हा विचारलं नाही.

तेव्हा ती ७२ वर्षांची होती. गेली २०२२ साली, ८६ व्या वर्षी. म्हणजे त्यानंतर १४ वर्षं. दिवसाची दोन जेवणं धरली तरी दहा हजारांहून जास्त जेवणं तिने त्या हलत्या कवळीने जेवली.

नंतर वाचताना कळलं, की २००२ साली कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र बसून हेच म्हटलं होतं. खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्यांना दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हा पहिला पर्याय म्हणून द्यावा. म्हणजे तो पोरगेला डॉक्टर काही भलतंसलतं सांगत नव्हता. आता आई हो म्हणाली असती का, तिच्या जबड्यात तेवढं हाड उरलं होतं का, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असताना तिला ते झेपलं असतं का, हे मला माहीत नाही. माहीत व्हायला निदान विचारावं तर लागतं.

*

ते आठवल्यावर मी दुसरं टोक गाठलं. रात्री ठरवलं, उद्याच जाऊन दोन्ही इम्प्लांटचे पैसे भरायचे. आईचं देणं स्वतःच्या जबड्यात फेडायला निघाले होते म्हणा ना! सुदैवाने दुसऱ्या दिवशी रविवार होता. दवाखाना बंद. मग वाचत बसले.

इम्प्लांटची जन्मकथा मोठी गमतीची आहे. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे काही दाताचे डॉक्टर नव्हते. १९५२ च्या सुमारास ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक छोटी नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती महागाची नळी काढायला गेले तर निघेना. हाडाने तिला धरून ठेवलं होतं! एखाद्याने वैतागून ती फेकून दिली असती. यांनी विचार केला, की हाड जर हा धातू असा आपला म्हणत असेल तर त्यावर दात का उभा करू नये? १९६५ साली ग्योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिल्यांदा असे इम्प्लांट बसवले. त्याच्या जबड्यात जन्मापासूनच व्यंग होतं. ते इम्प्लांट लार्सन २००६ साली वारला तेव्हाही कामावर होते. चाळीस वर्षांहून जास्त!

हे वाचून मी हरखले. पण लार्सनच्या जबड्यात चाळीस वर्षं टिकले म्हणजे माझ्या जबड्यात टिकतीलच असं नाही, एवढी अक्कल रविवार संध्याकाळपर्यंत आली. सोमवारी त्या चकचकीत दवाखान्यात न जाता एका दंत महाविद्यालयात गेले. तिथे लाकडी बाकावर अडीच तास बसावं लागलं, कॉफी नव्हती.

तिथल्या प्राध्यापकांनी तोंड उघडायला सांगायच्या आधी विचारलं, "तुम्हाला नेमका त्रास काय होतो?"

गंमत बघा, एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी आठवून आठवून सांगितलं. भाकरी, शेंगदाणे, काकडी, सगळं डाव्या बाजूनेच खाते. डावीकडचाही एक दात दुरुस्त केलेला आहे, तो किती दिवस ओझं सोसेल याची भीती वाटते. उजवीकडे अन्न गेलं की हिरडीला टोचतं. बाकी दिसण्याचं म्हणाल तर काही नाही.

मग त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. साखर किती? तंबाखू, मिश्री? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक घेतात तसली गोळी, किंवा इंजेक्शन? (माझी धाकटी भावजय ती गोळी घेते. तिने कुठलाही दात काढण्याआधी किंवा बसवण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण त्या औषधांवर कधी कधी जबड्याची जखम भरत नाही. मी त्याच रात्री तिला फोन केला.) रक्त पातळ करायच्या गोळ्या? हिरड्यांतून रक्त येतं का?

रक्त येत होतं. साखरही होती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी केली, आकडा आला ८.६.

"इम्प्लांट राहू द्या बाजूला," ते म्हणाले. "आधी हे खाली आणा. साखर जास्त असेल तर जखम नीट भरत नाही, हाड स्क्रूला धरायला वेळ लावतं आणि पुढे हिरडीला जंतूंची लागण व्हायची भीती राहते. हिरड्या साफ करून घ्या. चार महिन्यांनी या. तोपर्यंत पैसे तुमच्याकडेच असू देत."

उठता उठता मी विचारलं, "आणि दोन बसवायचे की..."

"दोन कशाला?" त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. ४७ ची जागा बारा वर्षं रिकामी राहिल्याने तिच्या बरोबर वरची दाढ खाली उतरली होती. समोर कुणी नसलं की दात असे सरकत येतात. तिथे नवा दात उभा करायला जागाच उरली नव्हती. जागा करायची तर वरच्या चांगल्या दाढेवर काम करावं लागणार. आणि पुढचे सगळे दात शाबूत असतील, तर अगदी मागची दाढ नसली तरी बहुतेकांचं छान चालतं. नेदरलँड्समधल्या कायझर नावाच्या दंतवैद्याने १९८१ मध्येच हे मांडलं होतं. जपानमध्ये १९८९ पासून '८०२०' नावाची मोहीम आहे, ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. बत्तीस नव्हे, वीस. गेलेला प्रत्येक दात परत आणायलाच हवा असं नाही, ही मला त्या दिवशी मिळालेली सगळ्यात मोठी माहिती. तिने माझे निम्मे पैसे वाचवले.

*

मग उरली ती ४६. चार महिने मी तिचा विचार करत होते. माझ्यापुढे पर्याय कोणते होते ते सांगते.

एक, काहीच न करणं. फुकट. पण वरची ४६ समोरची दाढही हळूहळू खाली उतरणार, आणि डाव्या बाजूवरचं ओझं तसंच.

दोन, काढता-घालता येणारा दात, तारेची पकड असलेला. चारेक हजार. सर्जरी नाही, साखरेची एवढी भीती नाही. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांना हा पर्याय चांगलाच. पण मला पेला दिसायला लागला. हे कारण वैद्यकीय नाही, हे मला कळतं.

तीन, ब्रिज. दोन्ही बाजूंचे दात कोरून लहान करायचे आणि तीन दातांची जोडटोपी बसवायची. माझ्या एका मैत्रिणीने हेच केलं, आणि तिच्यासाठी ते बरोबरच होतं. तिच्या शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप होत्या. माझ्या बाबतीत मागे आधाराला दातच नाही. पूल एकाच तीरावर कसा उभा राहणार?

चार, एक इम्प्लांट. त्याला सर्जरी, तीनेक महिन्यांची वाट आणि ३८ हजार. माझ्या आरोग्यविम्यात हे बसत नाही, तेही विचारून झालं. आणखी एक गोष्ट मी समजून घेतली. त्या स्क्रूला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड माझंच आहे. ते नीट साफ ठेवलं नाही तर तिथेही पायरियासारखंच होतं आणि हाड झिजून स्क्रू सुटतो. म्हणजे दात विकत मिळतो, त्याची निगा मिळत नाही.

मी विचारलं, "आणि हाडाने धरलंच नाही तर?"

"तर काढून टाकू, जागा भरू देऊ, पुन्हा विचार करू. बहुतेकांचं धरतं, सगळ्यांचं नाही." हमी न देणाऱ्या त्या उत्तराने मला जितका धीर आला तितका १० टक्के सुटीने आला नव्हता.

चार महिने रोज सकाळी चालले. रात्रीचा भात सोडला. (हे लिहायला दोन शब्द लागतात, करायला काय लागतं ते कोकणी माहेरच्या बायकांना नसलं तरी भातखाऊ सासरच्यांना विचारा.) दातांच्या फटीतून फिरवायचा तो बारीक ब्रश रोज रात्री वापरला. हिरड्यांतलं रक्त थांबलं. आकडा ७.१ वर आला. म्हणजे दाढ नाही मिळाली तरी दाढेच्या निमित्ताने हे झालं, तेही काही कमी नाही.

मग स्कॅन. जबड्याच्या आतून एक नस जाते, खालच्या ओठाची संवेदना तिच्यावर असते. तिच्यावर माझं १३ मिलिमीटर हाड होतं. स्क्रू १० मिलिमीटरचा. म्हणजे नसेपासून तीन मिलिमीटर लांब. दोन तरी हवेतच, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. या वेळी घाईने नाही आणि आईसाठीही नाही. भाकरी उजव्या बाजूनेही चावता यावी म्हणून.

सर्जरी तासाभरात झाली. दाढ काढताना झाला होता त्याहून त्रास कमीच झाला. दोन दिवस गार दही-भात (डॉक्टरांच्या परवानगीने!), मग पिठलं. सध्या तिथे एक छोटंसं धातूचं झाकण आहे, आणि आत हाडाचं आणि टायटॅनियमचं काय ते आपापसात ठरतंय. दिवाळीनंतर कॅप बसेल. धरलं तर. नाहीतर पुन्हा विचार करू.

परवा दादाचा फोन आला होता. तो ६३ चा आहे. बोलता बोलता म्हणाला, खालचे दोन दात हलतायत. मी म्हटलं, दाखवून ये. तर म्हणाला, "जाऊ दे गं, माझं काय आता..."

"दादा," मी म्हटलं, "आईपण हेच म्हणायची. पुढे किती वर्षं जगली ते मोज."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"सोमवारी तुझ्या त्या कॉलेजात जाऊन येऊ या का?" तो म्हणाला. "काही बसवायला नाही हं. नुसतं विचारायला."

"चल," म्हटलं. "पण अडीच तास बाकावर बसायची तयारी ठेव. आणि ते सगळ्यात आधी तंबाखू सोडायला सांगतील, तेही ऐकायची."